आक्काच्या लग्नातले गुलाबी फेटे

सगळ्यांनी सारखे कपडे घालावेत, असं मला आजही वाटतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी माझी कीव करायला नको.

वाळूजच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा अंगावर पहिल्यांदा गणवेश आला. गेटच्या आत पाटलाचा पोरगा आणि सालगड्याचा पोरगा सारख्याच निळ्या शर्टात. कोण कोणाच्या घरचा, कळायला मार्ग नाही. बजाजनगरच्या खोलीत राहणाऱ्या आम्ही चौघांनी त्याच आठवड्यात पत्रक काढलं: 'कपड्यातली विषमता गाडा!' बाजारच्या दिवशी मी ते देवगाव रंगारीत जाऊन वाटलं. एका म्हातारीनं माझ्यादेखत त्यात मिरच्या बांधून घेतल्या. चळवळीला अशा गोष्टी सोसाव्या लागतात.

त्यात आमच्या आक्काचं लग्न ठरलं. आक्का माझी थोरली बहीण. तिची आधीची दोन स्थळं साखरपुड्यातच मोडली होती. एकदा नवऱ्याच्या मामाला फेट्याऐवजी टोपी दिली म्हणून, एकदा आत्याची साडी विहिणीच्या साडीपेक्षा भारी निघाली म्हणून. माणसं शिकली-सवरलेली, नोकरीवाली. आणि भांडण कशावर, तर टोपीवर!

मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, भांडण कपड्यावरून होतंय ना? मग सगळ्यांना एकच फेटा. व्याह्याला तोच, वाढप्याला तोच, वऱ्हाडाच्या ट्रकच्या ड्रायव्हरला बी तोच."

अण्णा दोन स्थळांनी थकले होते. "कर बाबा. पण पावणे बिथरले तर तुलाच त्यांच्या ट्रकात बसवून देईन."

आक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न माझं हाय, तुझी सभा नाय. या बारीला मोडलं तर जल्मात तुझं तोंड पाहणार नाय."

शहागंजातल्या कापडवाल्या चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दीडसौ फेटे, एकच रंग? बेटा, शादी है या पलटन निकल रई?" मी त्यांना समतेवर बरंच ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुकानात पडून राहिलेला भडक गुलाबी माल माझ्या गळ्यात मारला.

लग्नाच्या दिवशी सकाळी पहिला धडा मिळाला. कापड सारखं, पण बांधणारा एकच. मग आधी कोणाला बांधायचा? ते मिटलं, तर पाठीवर लोंबणारा शेमला कोणाचा लांब सोडला यावरून दोन म्हातारे वितीनं मोजायला बसले. मी बाजेवर उभा राहून ओरडलो, "अहो, तेच कापड आहे सगळं!" त्यावर एक जण म्हणाला, "म्हणून तर मोजतोय."

मारुतीच्या देवळाशी व्याहीभेट होती. आमच्या काकांनी नवऱ्याच्या काकांना हार घालून मिठी मारायची. समोर गुलाबीच गुलाबी. काकांनी ट्रकच्या ड्रायव्हरला कवटाळलं, जमिनीवरून उचललंसुद्धा. ड्रायव्हरनंही काकांना घट्ट मिठी मारली. आमच्याकडं अशीच पद्धत असेल असं त्याला वाटलं. पंगतीत कोणीतरी नवऱ्याच्या मामालाच हाक मारली, "ओ फेटेवाले, वरण आना हिकडं!" त्या भल्या माणसानं अख्खी एक ओळ वाढली. पावणे पोट धरून हसत होते. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात नवऱ्याकडचे थोरले जावई खोका घेऊन आले. नवरीच्या भावानं लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा आणि त्याबद्दल नवऱ्याकडून पोशाख घ्यायचा, अशी आमच्याकडं रीत आहे.

"हा कानपिळीचा पोशाख. अक्षतांच्या आधी घाला."

"मला वेगळा पोशाख नको," मी म्हटलं. "मी तत्त्वानं घेत नाही."

"म्हंजे? आमचा कपडा कमी पडला व्हय?"

"कमी नाही, जास्त पडला."

वाक्य मला फार आवडलं होतं. जावयांनी खोका काखेत मारला आणि ते मांडवाबाहेर निंबाखाली जाऊन बसले. घरचा थोरला जावई रुसला म्हटल्यावर नवरा मांडवात येईना. वाजंत्री थांबली. भटजी घड्याळाकडं बघू लागले. माय पदराला डोळे पुसत मला म्हणाली, "तिसऱ्यांदा रे, तिसऱ्यांदा."

मी निंबाखाली गेलो आणि विषमतेपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमची आक्का आमच्या घरात येणार. तिच्या भावाला काय शोभंल म्हणून मी अर्धा दिवस शहरातली दुकानं पालथी घातली. माप नव्हतं, तर माझ्याच अंगाला लावून बघितला. तुम्ही खोका उघडून बी बघितला नाय."

मानपान म्हणजे नुसती लुबाडणूक, असं मी धरून चाललो होतो, आणि बऱ्याच ठिकाणी ती असतेच. पण हा माणूस माझ्यासाठी उन्हात हिंडला होता. मी मात्र दीडशे माणसांच्या डोक्यावर गुलाबी कापड बांधलं आणि एकालाही विचारलं नाही. आमचा मालकही गणवेश देताना विचारत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला रोज शिव्या देतो.

आतून आक्काचा निरोप आला, एकाच शब्दाचा: "घाल."

खोक्यात सफारी होता. बदामी, चकाकणारा, खांद्याला माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. जावयांनी स्वतः बाह्या दुमडून टाचणी लावली, मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं!" वाजंत्री सुरू झाली. अक्षता पडल्या. नवऱ्याचा कान मी जरा जोरातच पिळला.

त्यानंतर माझे हाल झाले. नवरा सोडला तर मांडवात ओळखू येणारा पुरुष मी एकटा. पाणी कुठं, भटजींची दक्षिणा कुठं, कोणाची पोरगी हरवली, सगळं मलाच. "ओ सफारी!" म्हणून जो तो हाका मारायचा. फेटेवाले आरामात विडे चघळत बसले होते.

आक्का निघाली तेव्हा माणसं जीपभोवती दाटली. ती रडत होती, आणि रडता रडता त्या गुलाबी गर्दीतून तिनं थेट माझ्याकडं बोट केलं. मी पुढं गेलो.

"बरं झालं घातलास. नायतर तू कुठला ते बी कळलं नसतं मला."

"खांदे लई ढिले हायेत याचे."

"ऱ्हाऊ दे," ती नाक पुसत म्हणाली. "खा काहीतरी, भरतील." आणि जीप सुटली.