बोलायला विसरलेला मेकॅनिक

नल्लकुंट्यातला माझा मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकतो. मग बोलतो, तेही एकदाच. माझ्या जुन्या गाडीच्या टायमिंग बेल्टबद्दल मात्र त्यानं तीनदा सांगितलं होतं, "साब, बदल लेव. टूटा तो इंजिन जाता."

मला ती गिऱ्हाइकाला घाबरवायची युक्ती वाटली. माझ्या दुकानात मी स्वतः तेच करत वर आलोय.

तारनाक्याला भर रस्त्यात बेल्ट तुटला आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले. गाडी ओढून त्याच्याकडे नेली. बायको सोबत होती. तिच्यादेखत मी त्याच्यावर ओरडलो, "बेल्ट पुराना हुआ बोलके पहले बोलना नै आता क्या तुमको?"

त्यानं फडक्याला हात पुसले. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळला. "हौ भाभी, बोलना भूल गया मैं."

बायको अजून म्हणते, "त्या विसरभोळ्याकडे गाडी देऊ नका हो." मी तरी गाडी त्याच्याकडेच नेतो. राग येतो तो त्याचाच. त्यानं तिथंच मला खोटं पाडलं असतं, तर भांडून मोकळा तरी झालो असतो.