सत्तर किलोचा बैल

पनवेलच्या बाजारात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. पेंड, भुसा, गुरांची औषधं. गिऱ्हाईक माल घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. माल संपतो, किस्से साठतच राहतात. पण शर्यतीच्या बैलवाल्यांनी दिले नसतील एवढे किस्से मला एका कॉलेजच्या कबड्डी टीमने दिले!

*

कोन गावचा प्रथमेश हा टीमचा हुकमी रेडर. एक दिवस येऊन हळूच म्हणाला, "काका, बैलाला ताकदीचं इंजेक्शन पायजे."

"बैल किती वजनाचा?"

"सत्तर किलो."

मी चष्मा काढला. "बैल आहे का बकरी?"

"शर्यतीचा हाय, काका."

"मग उद्या घेऊन ये त्याला."

"उद्या त्याचा पेपर हाय!"

*

मग कोच आले, तावातावाने. "शेठ, आमच्या पोरांना असलं काही द्यायचं नाही. आमचं कॉलेज स्वच्छ आहे!"

"बरोबर आहे, सर."

पायरी उतरले आणि परत वळले. "समोरची टीम काय घेते, काही कानावर?"

*

प्रथमेशचा जीव निवडीत अडकला होता. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं, तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीची आशा. घरातली पहिलीच नोकरी! मी हाकललं असतं, तर त्याने दुसरीकडून सुई टोचून घेतली असती. म्हणून बायकोने केलेलं सातूचं पीठ चांदीच्या कागदात बांधलं, वर चिमूटभर सुंठ टाकली. "इम्पोर्टेड आहे. कुठे बोलू नकोस." पैसेही घेतले. फुकटच्या औषधाला गुण येत नाही!

*

आणि गुण आला की! महिनाभरात गडी एका रेडमध्ये तिघांना बाद करून परत यायला लागला.

त्याची आई दुकानात आली. "भावजी, काय दिलंत पोराला? आधी ताट उचलत नव्हता, आता सिलेंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो."

तिने आवाज खाली आणला. "याच्या बापासाठी पन एक पुडी द्या."

*

निवडीच्या दिवशी प्रथमेश असा खेळला की यादीत पहिलं नाव त्याचं. तेवढ्यात डोपिंग टेस्टवाले बाटल्या घेऊन हजर! प्रथमेश पांढराफटक पडला. "पानी पिऊन आलोच," म्हणाला आणि मैदानाची आठ फुटी भिंत चढून पसार! टेस्ट चुकवली म्हणजे गुन्हा कबूल. नाव कटलं, वर बंदी.

मी धावतपळत त्याच्या घरी गेलो. अक्षरशः हात जोडले. "अरे बाबा, सातूचं पीठ होतं ते! चल, आत्ता जाऊन सांगू सगळ्यांना."

प्रथमेशने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"जाऊ द्या काका. मला बरं वाटावं म्हणून खोटं नका बोलू. सातू खाऊन येवढी भिंत कोन चढतो?"