गाठी आणि बोटं

"उडायचा टाइम सांगू का पोचायचा?"

विमानाला किती वेळ लागतो विचारणाऱ्या प्रत्येकाला आमचे तिकीटवाले आधी हा प्रश्न टाकत आणि चष्मा कपाळावर चढवत.

शहागंजात आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीखाली त्यांचं तिकिटांचं दुकान होतं. टेबलावर पृथ्वीचा गोल, त्याला बांधलेला गाठींचा दोरा. एक गाठ म्हणजे उडण्याचा एक तास. मुंबईवर बोट दाबून ते दोरा जेद्दापर्यंत ताणत, गाठी मोजत. मग दोरा सोडून बोटं मोजत: मुंबईपर्यंतचा रस्ता, रांगा, तपासणी, सामान. गाठी उडण्याच्या, बोटं थांबण्याची.

एका बातमीसाठी मी मुंबई-न्यूयॉर्क विचारलं. त्यांचा मुलगा तिथंच नोकरीला होता, त्यामुळे आकडे तोंडपाठ, दोऱ्याची गरज लागली नाही.

"साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास. पण पेपरवाले, तुम्ही तीस छापा. तुमचा वाचक काय धावपट्टीवर राहतो व्हय?"

मी सोळाच छापले. दुसऱ्या दिवशी अंक त्यांच्या टेबलावर होता, सोळाखाली लाल रेघ.

त्यांची पत्नी दिवस मावळताना गेली. मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. पण मुलाला आईचं तोंड दिसावं म्हणून सगळे थांबायला तयार होते. किती, एवढाच प्रश्न होता.

"सोळा तास," ते म्हणाले. "उद्या दुपारच्या नमाजेआधी पोरगा दारात."

गल्लीत त्यांचं गणित कुणी तपासत नसे. बर्फाच्या लाद्या आणल्या गेल्या.

दुपारची नमाज झाली. मुलगा आला नाही.

"दुल्हेभाई, आता उचलू," मेहुणा म्हणाला.

"थोडं थांब रे. येतोच."

बर्फ पुन्हा आणला. बाकावरची माणसं घड्याळाकडे पाहायची आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळायची. असरची, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजेची वेळ जवळ आली तेव्हा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. दोरा त्यांच्या बोटाला गुंडाळलेला होता.

"काल सांगितला तो कोणता टाइम?" मी विचारलं.

त्यांनी बोटावरचा दोरा उलगडला.

"उडायचा," म्हणाले. "बोटं मोजली नाय मी."

मग उठले आणि मेहुण्याला हाक मारली. "उचला."

दफनानंतर आठ तासांनी मुलगा आला. घरापासून घरापर्यंत तीस तास. बापानं त्याला कबरीवर नेलं.

पुढं दुकानात उडायचा का पोचायचा हा प्रश्न ऐकू आला नाही. ते एकच आकडा सांगत, मोठा, पोचायचा. गोल कपाटावर गेला, गिऱ्हाइकं मोबाइलवर वळली.

ते गेले ते पहाटे. मुलाला फोन मी केला.

"चाचा, नमाज कधीची ठरली?"

"ठरली नाही. तू सांग, थांबतो आम्ही."

पलीकडे तो मोजत असावा.

"आज दुपारीच उचला, चाचा," तो म्हणाला. "माझे तीस होतात."