ढग केंद्रावर चढले तेव्हा

वरळीच्या एका खासगी हवामान कंपनीत मी उपग्रहाची चित्रं वाचायचे. समुद्रात काम करणाऱ्या जहाजांना त्यावरून इशारे द्यायचे, ही माझी नोकरी. त्या मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं आणि आमच्या एका ग्राहकाचं सर्वेक्षणाचं लहान जहाज नेमकं त्याच्या वाटेवर होतं.

सकाळच्या चित्रात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वरच्या वाऱ्याने ढग पश्चिमेला ढकलले होते, खालचा भोवरा उघडा पडला होता, म्हणजे वादळाला बळ मिळत नव्हतं. दुपारी मात्र तेच ढग भोवऱ्याच्या केंद्रावर चढून बसले, त्यांचे पट्टे वळायला लागले. मी लिहिलं, 'वादळ झपाट्याने वाढेल. जहाज आजच बंदरात आणा.'

अहवाल आमच्या विभागप्रमुख सरांकडून तपासून ग्राहकाला गेला, तेव्हा माझ्या वाक्याच्या जागी होतं, 'जोर वाढण्याची शक्यता कमी.' खाली नाव माझंच.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"संगणकाचं मॉडेल तसं दाखवत नाही," सर म्हणाले.

"मॉडेल पहाटेच्या माहितीवर चाललंय, सर. हे चित्र आत्ताचं आहे."

"काम थांबवलेलं ग्राहकाला आवडत नाही. मागच्या वेळी मीच बोलणी खाल्ली. तू जा, जेवून घे."

जेवून घे, म्हणे. मी जागेवर आले आणि ग्राहकाच्या ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला फोन लावून जहाज आजच बंदरात आणायला सांगितलं.

"मॅडम, अहवालात तर असं नाही."

"अहवाल बदललाय. मी काय लिहिलं होतं ते ऐका."

मी माझं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जहाज बोलावतो परत."

जहाज संध्याकाळी बंदरात लागलं. दुसऱ्या दिवशी, जिथे जहाज आदल्या दिवशी होतं तिथेच, ढगांच्या मधोमध वादळाचा डोळा दिसत होता.

ग्राहकाने वेळेवर सावध केल्याबद्दल कंपनीचे आभार मानले. सरांनी ते मीटिंगमध्ये हसत वाचून दाखवले, आणि नंतर मला आत बोलावून परस्पर फोन केल्याबद्दल झापलं. मी माझं मूळ वाक्य नोंदीत घाला म्हटलं, तर म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस?"

लालबागला घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "माणसा परत इली ना? मग गप रव."

मला गप्प राहता येईना. ते अधिकारी नुसत्या अहवालावर विसंबले असते तर? हाच विचार डोक्यात घण घालत होता. महिनाअखेरीस राजीनामा द्यायला गेले, तर सरांनी विचारलं, "एका वाक्यासाठी?"

त्यांना ते खरंच कळलं नव्हतं. आजही आठवलं की डोकं तापतं.