कोरड्या भिंतीवरचे शॉवर

दुकानाच्या भिंतीवर वीसेक शॉवर माना खाली घालून ओळीनं बसवले होते, पण एकालाही पाणी जोडलेलं नव्हतं. विक्रेता नॉब फिरवत म्हणाला, "बघा, किती मऊ फिरतो." मला तो मऊपणाच खटकला. अंगावर काही पडेपर्यंत माणसंही अशीच मऊ असतात. बायकोनं मात्र सवयीनं कोरड्या शॉवरखाली तळहात धरला, पाणी कितपत तापलंय ते बघायला.

मी विक्रेत्याला विचारलं, "तुमच्या घरी कुठला आहे?"

तो घुटमळला. "आमच्याकडे पाणी तासभरच येतं, साहेब. बादलीच भरून ठेवतो."

एवढं एकच वाक्य मला खरं वाटलं, आणि तेवढ्यावर आम्ही शॉवर घेतला. आता त्याच्याखाली बादली ठेवली आहे, बादलीत तांब्या.