सरकीवरचं वळण

राजाराम पाताडे लालबागच्या चाळीत राहायचा आणि ऑपेरा हाऊसजवळच्या एका गॅरेजात इंजिनं खोलायचा. दिवसभर त्याच्या हाताखालून टॅक्स्या आणि लांबलचक अमेरिकन गाड्या जायच्या. त्यांचं त्याला काही कौतुक नव्हतं. "म्हशी आहेत रे," तो म्हणायचा. "वळ म्हटलं की आधी विचार करतात."

मग गॅरेजात ती गाडी आली. विलायती, दोन दारांची, बुटकी, उतरत्या टपाची. तिचा साहेब नाक चेपलेली गाडी तशीच टाकून बोटीनं मायदेशी निघून गेला होता. टॅक्सीवाल्याला दोन दारं चालत नव्हती, संसारी माणसाला मागे ऐसपैस जागा लागायची आणि पैसेवाल्याला ती गाडी खेळण्यातली वाटायची. शेवटी शेठ वैतागून म्हणाला, "भंगारात घालण्यापेक्षा तुम्ही दोघं घेऊन जा. माझा कोपरा मोकळा करा."

दोघं म्हणजे राजाराम आणि गॅरेजातला डेंटर कुशाबा. कुशाबा वरळीच्या बीडीडी चाळीतला. पत्रा ठोकून सरळ करावा तर त्यानंच. संध्याकाळी तो शाहिरी पथकात ढोलकी वाजवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते ते. त्याच्या ढोलकीवर थाप पडली की पांगलेली माणसं मैदानात परत यायची. राजारामच्या आईला जातीमुळे कुशाबा घरात आलेला चालत नसे. त्यामुळे दोघांची दोस्ती गॅरेजातच वाढली आणि त्या गाडीपाशी घट्ट झाली.

गाडी चालू झाली तेव्हा दोघांनाही कळेना, आपल्याला झालंय काय. मध्यंतरी गॅरेजात पुढच्या चाकांनी ओढणारी एक फ्रेंच गाडी आली होती. हात धरून बाजारात नेल्यासारखी ती नेते, असं राजारामला वाटलेलं. ही मागून ढकलायची. वळणावर पाय जरा दाबला की हिचा मागचा भाग हलकेच बाहेर सरकायचा, आणि ते आधी बुडाखाली कळायचं, मग स्टिअरिंगवर. इंजिन तसं लहानच होतं. पण अंगानं हलकी असल्यामुळे तेवढ्यावरही ती पोरीसारखी गिरकी घ्यायची.

छप्पन सालच्या एका रविवारी दोघं कॉटन ग्रीनला गेले. कापसाची गोदामं बंद, रस्ते रिकामे. एका वळणावर गोणीतून सांडलेली सरकी पसरली होती. तिच्यावरून गाडीची शेपटी अशी झोकात फिरली की कुशाबा ओरडलाच, "अजून एकदा! राजा, अजून एकदा!"

दुसऱ्या वेळी राजारामनं वेग वाढवला. कुशाबाचा डावा हात खिडकीबाहेर होता, दाराच्या पत्र्यावर ठेका धरलेला. गाडी उजवीकडे वळली, मागचा भाग डावीकडे फेकला गेला आणि दारासकट ती बाजू गोदामाच्या दगडी खांबावर आदळली. हात मध्ये सापडला.

परळच्या इस्पितळात त्या दिवशी आधीच गर्दी होती. लालबागेत मोर्चावर लाठीमार झाला होता. समितीचा कार्यकर्ता रामदास जखमींची विचारपूस करत फिरत होता. कुशाबाला ओळखून तो धावत आला. "अरे, आपला ढोलकीवाला! लाठी बसली काय हातावर?"

कुशाबा शुद्धीवर नव्हता. राजारामच्या शर्टावर रक्त होतं. पोलीस चौकशी, गाडी, नोकरी, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. तेवढंच.

डाव्या हाताची तीन बोटं गेली. कुशाबा जागा झाला तेव्हा उशाशी हार होता आणि चार माणसं घोषणा देत होती. त्यानं राजारामकडे पाहिलं. राजारामनं खाली पाहिलं. कुशाबानं घोषणा देणाऱ्यांना थांबवलं नाही.

पुढे नरे पार्कच्या सभेत कुशाबाला स्टेजवर बसवू लागले. ढोलकी दुसरा कोणी वाजवायचा. गॅरेजात ठोकाठोकीचं काम जमेना, म्हणून शेठनं त्याला गाड्या पुसायला ठेवलं. राजाराम शेजारी इंजिन खोलायचा आणि त्या हाताकडे बघायचं टाळायचा. 'अजून एकदा तोच म्हणाला होता ना,' असं तो मनाशी घोकायचा, आणि घोकलं की स्वतःचीच किळस यायची.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. तीन महिन्यांत त्यानं गाडी पुन्हा दुरुस्त केली. चेपलेला पत्रा स्वतः ठोकला, ओबडधोबड. कोणाला न सांगता तो एकटाच वरळीच्या समुद्राकाठी ती फिरवून आणायचा. दर वेळी ठरवायचा, आज मजा वाटणार नाही. आणि पहिल्याच वळणाला मजा वाटायची.

साठ साली राज्य झालं. रामदासनं आंदोलनातल्या जखमींचा सत्कार ठरवला. त्याच्या आदल्या आठवड्यात कुशाबा राजारामच्या समोर येऊन उभा राहिला.

"शाल घेववणार नाही मला."

"कुशा, मी..."

"आधी तुझ्यासाठी गप्प बसलो. मग लोक हार घालायला लागले, ते बरं वाटायला लागलं. खरं सांगतो. पण गोळी खाऊन मेलेल्यांच्या आया तिथं बसणार, राजा. त्यांच्या शेजारी मी बसू?"

"मी सांगतो रामदासला. आजच."

त्यानं सांगितलंही. कॉटन ग्रीन, सरकी, खांब आणि स्वतःची मान, सगळं. रामदासचा चेहरा उतरत गेला. "चार वर्षं आम्हाला उल्लू बनवलंत," एवढंच तो म्हणाला.

राजारामला वाटलं होतं, लोक आपल्या तोंडावर थुंकतील. त्याला कोणी काही बोललं नाही. बोल लागला कुशाबाला. 'खोटा सत्याग्रही,' 'फुकटचे हार घेणारा' म्हणाले. पथकातल्यांनी त्याला बोलवायचं सोडलं.

राजाराम वरळीला त्याच्या खोलीवर गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कुशाबाची बायको सुभद्रा दारातच म्हणाली, "भाऊजी, मान तुम्ही हलवलीत. आणि खोटा हे ठरले."

"हो," राजाराम म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत फिरतोय, वहिनी. कोणी ऐकून घेत नाही."

"मग फिरत राहा."

तिनं चहा टाकला. कुशाबा खाटेवर बसला होता. चहाचा कप त्यानं उजव्या हातात धरला. मग त्यानंच विचारलं, "अजून चालवतोस?"

राजारामला खोटं बोलावंसं वाटलं. "चालवतो," तो म्हणाला.

"कशी चालते?"

"मस्त चालते रे," राजाराम म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. कुशाबानं कप खाली ठेवला, पण त्याच्या जवळ गेला नाही. सुभद्रेनं आत जाऊन स्टोव्ह विझवला.