‘तुझं काय’ बाई

प्रिय अनया आणि ईशान,

तुम्हाला मेलबर्नला मी सहसा तब्येतीचं आणि हवेचं लिहिते. आज एका बाईंविषयी लिहिते आहे. गेल्या रविवारी त्यांच्या शोकसभेत त्यांच्याबद्दल इतकं गोड आणि इतकं खोटं ऐकलं, की घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. खरं काय ते तुमच्यापाशी तरी असावं.

मुलं त्यांना ‘तुझं काय’ बाई म्हणत. इथे सिंगापुरात, बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये त्या दर शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. एखाद्या मुलाने पाठ केलेलं काही म्हणून दाखवलं, की त्या विचारत, "हे आईचं झालं. तुझं काय?" मूल गडबडून जाई. बाई थांबत. इतक्या शांतपणे थांबणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मोठ्यांनाही सूट नव्हती. मंडळाच्या सभेत अध्यक्ष "सगळ्यांना मान्य ना?" असं विचारत, ते फक्त रीत म्हणून. बाई चहाचा कप खाली न ठेवता म्हणत, "मला नाही." आवाज चढत नसे आणि मतही बदलत नसे. हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आम्ही सगळ्या सोयीसाठी एकाच ठिकाणचा डोसा मागवायचो. या मात्र दुसऱ्या टोकाच्या रांगेत उभ्या राहून आपल्याला हवं ते घेऊन येत, तोवर आमची ताटं रिकामी झालेली असत. मला त्यांचा राग यायचा. एकदा मी विचारलंच, एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला वेगळं पडायचं? "एवढ्या-तेवढ्यात सवय ठेवली नाही, तर मोठ्या वेळी जमत नाही," त्या म्हणाल्या.

ती मोठी वेळ बारा वर्षांपूर्वी आली. वार्षिक कार्यक्रमात मुलांची भाषणस्पर्धा होती, विषय ‘मराठी आणि मी’, परीक्षक बाई. आपल्याकडे ही भाषणं आई-वडील लिहितात, नाहीतर पुण्याहून आजोबा लिहून पाठवतात, आणि मुलं ती इंग्रजी अक्षरांत उतरवून पाठ करतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. अध्यक्षांचा मुलगा पाच मिनिटं अस्खलित बोलला. मातृभाषा, संस्कृती, अभिमान, काही म्हणून सुटलं नाही. त्यानंतर आठ वर्षांची तन्वी उभी राहिली. तिच्याकडे कागद नव्हता. ती म्हणाली, "माझी आजी फोनवर खूप हळूहळू बोलते. तिला वाटतं मला मराठी कळत नाही. पण मला कळते, लाह." एवढं बोलून ती खाली बसली. वाक्याच्या शेवटी चिकटलेल्या त्या सिंगापुरी ‘लाह’ला लोक हसले. बाईंनी तिला पहिला नंबर दिला.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक बसली. मुलगा रडत होता, आणि अध्यक्षांनी निकाल बदलायचं ठरवूनच टाकलं होतं. निदान दोघांना मिळून पहिला नंबर द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

"बाई, जरा समजून घ्या."

"समजलं. पटलं नाही."

"तुमच्या एकटीच्या मतावर मंडळ चालत नाही."

"मत एकटीचंच असतं, साहेब. मंडळाचा असतो तो ठराव."

मग ठरावच झाला. वर्गाला दुसऱ्या शिक्षिका नेमल्या आणि फंक्शन रूमची किल्ली बाईंकडून परत घेतली. दहा वर्षं ज्यांची मुलं त्यांनी शिकवली, त्यांच्यातलं एकही माणूस उठून बोललं नाही. मी मंडळाची सेक्रेटरी होते. मी काय केलं? इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वैयक्तिक कारणामुळे बाईंनी वर्ग सोडला.’ बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "माझं कारण तरी माझ्या शब्दांत लिहायचं होतंत."  

पुढच्याच शनिवारी त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला, आपल्या ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, चटई टाकून बसल्या. चार मुलं आली. मंडळातले लोक हसत, चार दिवसांत हौस फिटेल म्हणत. बाईंनी तिथे बारा वर्षं शिकवलं.

आणि गेल्या रविवारी शोकसभेत तेच अध्यक्ष फोनमध्ये बघून वाचत होते, की बाई सर्वांना सोबत घेऊन चालणाऱ्या होत्या, त्यांनी कधी कुणाचं मन मोडलं नाही. ते शब्द त्यांचे स्वतःचेही नव्हते. कुठल्याही मृत माणसाला चालले असते. मी उठले. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे वेळ लागला. म्हटलं, "बाईंनी वर्ग सोडला नव्हता. तो आपण काढून घेतला. इतिवृत्त मी लिहिलं, आणि मी ते खोटं लिहिलं."  मग कुणीतरी चहा तयार असल्याचं सांगितलं.

काल शनिवार होता. मी मेट्रोने पुंगोलला गेले. वर्ग चालू आहे. त्याच ब्लॉकमधली एक तरुण आई आता शिकवते. सात मुलं होती, आणि सातही एकाच वेळी बोलत होती.